कानाने केलेला प्रवास

बारामतीहून इंदापूर सुमारे पन्नास किलोमीटर. एवढ्याशा वाटेचे प्रवासवर्णन लिहायला बसलेला मनुष्य वाचकांच्या सहनशीलतेची परीक्षाच पाहतो आहे, असे कोणी म्हणेल. या वाटेवर हिमशिखरे नाहीत, समुद्र नाही, सांगण्याजोगा घाटसुद्धा नाही. ऊस आहे, कालवा आहे, कारखान्यांची धुराडी आहेत, आणि वर्षातून एकदा तुकोबांची पालखी आहे. पण गेली बारा-तेरा वर्षे ही वाट मी मोटारसायकलीवरून तुडवतो आहे. बारामतीच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि माझी सासुरवाडी इंदापूरची. तेव्हा पंधरवड्यातून एक खेप ठरलेलीच. इतक्या खेपांनंतर माझी अशी खात्री झाली आहे की ही वाट डोळ्यांपेक्षा कानांनी पाहण्याची आहे. ते कसे, ते सांगतो.

माझी गाडी ९७ सी.सी.ची, चार गिअरची, गावोगाव दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या गाड्यांची सख्खी बहीण. तिच्या तबकडीवर वेग दिसतो, किलोमीटर दिसतात, पेट्रोलचा काटा आपल्या लहरीप्रमाणे काहीतरी सांगतो. आणि तेथे तिचे ज्ञान संपते. ऐटबाज गाड्यांना आणखी एक काटा असतो. इंजिन मिनिटाला किती फेरे मारते आहे ते तो दाखवतो. त्याला टॅकोमीटर म्हणतात. आमच्या गॅरेजच्या भाषेत 'आरपीएमचा काटा'. हा काटा ज्या गाडीला नाही तिच्यावर बसणाऱ्याने गिअर केव्हा बदलावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण महाराष्ट्रातली निम्मी खेडी या बिनकाट्याच्या गाड्यांवरून ये-जा करतात, हे लक्षात घेतले म्हणजे तो मोरोपंतांच्या आर्येइतकाच विचार करण्याजोगा वाटू लागतो.

गिअरची भानगड मुळात सोपी आहे. इंजिनाला फार हळू फिरून जोर लावता येत नाही आणि फार जोरात फिरून टिकता येत नाही. मधल्या एका पट्ट्यात ते सुखी असते. रस्ता मात्र कधी शून्य मागतो, कधी साठ मागतो. इंजिनाचे सुख आणि रस्त्याची मागणी यांची सांगड घालणारा मध्यस्थ म्हणजे गिअर. माझ्या गाडीच्या दात्यांचा हिशेब केला तर पहिल्या गिअरमध्ये ताशी पंधराच्या वेगाला इंजिन जेवढे फिरते, जवळजवळ तेवढेच ते टॉपमध्ये ताशी पन्नासला फिरते. म्हणजे तबकडीवरचा वेग तिपटीहून अधिक झाला, तरी इंजिनाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते!

आता कानाची गोष्ट. आमच्या आजोबांच्या पिढीने या वाहनाला 'फटफटी' म्हटले, त्यात केवढे निरीक्षण होते पाहा. एका सिलिंडरच्या चार फटक्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला १४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला साधारण बारा स्फोट होतात. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे वीसपर्यंतचे ठोके सुटेसुटे ऐकू येतात. त्यापलीकडे ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सूर होतो. माझी गाडी टॉपमध्ये ताशी चाळीसने चालली म्हणजे सेकंदाला तेहेतीसच्या आसपास स्फोट होतात, आणि ऐकू येतो तो सलग घोष. तोच वेग टॉपमध्येच वीसवर उतरू द्या, की सूर फाटतो आणि आतले ठोके पुन्हा वेगळे होऊ लागतात. १९५५ पासून मद्रासला जोडली जाऊ लागलेली बुलेट असो, साठीच्या दशकात खेडोपाडी शिरलेली राजदूत असो, की माझी ही किरकोळ अंगाची गाडी असो. जिचे तिचे ठोके निराळे, पण ते ऐकायचे कसे ही विद्या एकच. फटफटीने फट्-फट् करणे सोडून गाऊ लागावे, आणि गाता गाता किंचाळू मात्र नये, एवढाच काय तो मथितार्थ.

ही विद्या मला कोणा ग्रंथातून मिळाली नाही. बारामतीत मी ज्या मिस्त्रींकडे गाडी नेतो, ते अंगठेबहाद्दर नसले तरी वाचनाचे शौकीन नक्कीच नाहीत. एकदा मी त्यांना विचारले, "मिस्त्री, दुसऱ्यातून तिसरा गिअर नेमका कितीला टाकावा?"

ते म्हणाले, "सर, पुस्तकात आकडे दिल्यात. पंधराला दुसरा, तीसला तिसरा, चाळीसला टॉप, असं मोघम धरून चाला. पण ते आकडे कुणाचे? एकट्या माणसाचे, सपाट रस्त्याचे. मागं वहिनी बसल्या, पुढं पिशवी अडकवली, चढ लागला, की पुस्तक खोटं पडलं. गाडी काय म्हणती ते ऐका. मूठ पिळली आणि गाडी पुढं सरली, तर गिअर बरोबर. मूठ पिळली आणि नुसता आवाज जाड झाला, पावलाखाली थरथर आली, गाडी जागची हलंना, तर एक गिअर खाली या. आणि आवाज बारीक होऊन किरकिरायला लागला, पण वेग वाढंना, तर वरचा टाका."

"लवकर टॉपमध्ये घातलं म्हणजे पेट्रोल वाचतं म्हणतात," मी म्हणालो.

"वाचतंय ना. सपाटीला वाचतंय. चढाला टॉपमध्ये ओढत नेली, की वाचलेलं पेट्रोल बेरिंगच्या बिलात जातं."

वर्गात मी मुलांना सांगतो की अक्षरे मोजून आर्या कळत नाही, मात्रा मोजाव्या लागतात. लघूची एक, गुरूची दोन. दोन चरणांत अक्षरे कमीजास्त असली तरी वजन तेवढेच भरू शकते. वेगाचा काटा पाहून गिअर टाकणारा मनुष्य अक्षरे मोजतो. इंजिन ऐकणारा मात्रा मोजतो. मोरोपंतांनी कऱ्हेकाठच्या या बारामतीत राहून आयुष्यभर मात्रांचे वजन सांभाळले (१७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ). त्यांच्या गावच्या मास्तराला ही उपमा सुचली, तर वाचक क्षमा करतील.

तर निघू या. बारामतीची हद्द सुटेपर्यंत पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा अशी पावलाची कवायत चालते. गावातूनच नीरा डावा कालवा जातो. १८८५ च्या सुमारास या कालव्याला पाणी आले आणि या कोरड्या मुलखाचा चेहरा पालटला. कालव्यालाही एक प्रकारचा गिअर असतो, असे मला नेहमी वाटते. पाणी फार संथ झाले तर गाळ बसतो, फार वेगात गेले तर काठ कापतो. पंजाबच्या कालव्यांवर काम करणाऱ्या केनेडी नावाच्या इंजिनिअरने १८९५ साली गाळही बसू नये आणि काठही तुटू नये अशा वेगाचे गणित मांडले. गाळ साठणे म्हणजे टॉपमध्ये धापा टाकणे आणि काठ कापणे म्हणजे पहिल्यात किंचाळणे. मधली चाल शोधण्याची ही खटपट पाण्याला चुकली नाही, ती पेट्रोलला कशी चुकेल?

पिंपळी, काटेवाडी मागे पडतात. आषाढवारीत काटेवाडीला पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, ते ज्याने पाहिले आहे त्याला येथून नुसते निघून जाववत नाही. आता पालखीमार्ग बहुतेक ठिकाणी चौपदरी झाला आहे आणि वाहने गावाबाहेरून सुसाट निघतात. मी मात्र सवड असली की आतल्या रस्त्याला लागतो. नव्या रस्त्यावर टॉप टाकला की पाऊल निजते. जुन्या रस्त्यावर दर मैलाला काहीतरी विचारले जाते.

भवानीनगर आले की त्या विचारण्याला धार येते. येथे छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास गव्हाणीत मोळी टाकण्याची तयारी चालू असेल, आणि मग चार-पाच महिने हे रस्ते उसाच्या मालकीचे होतील. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या बैलगाड्या, आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. ट्रॉलीबाहेर दोन्ही बाजूंना झुललेला ऊस, मागे दिवा असला तर असला, आणि पुढचा रस्ता दिसणे अशक्य. अशा ट्रॅक्टरला ओलांडून जाणे हा या भागातल्या मोटारसायकलवाल्याचा रोजचा प्रसंग आहे, आणि गिअरचा प्रश्न तेथे जिवाचा प्रश्न होतो.

साधे त्रैराशिक मांडून पाहा. ट्रॅक्टर ताशी वीसने चालला आहे. ट्रॉल्यांची लांबी आणि मागचे-पुढचे अंतर मिळून तीस मीटर धरू. तुम्ही योग्य गिअरमध्ये असाल आणि चाळीसने पुढे सरकलात, तर ओलांडायला साडेपाच सेकंदांच्या आत वेळ लागतो. समोरून ऐंशीने येणारी जीप तेवढ्यात १२० मीटर येते आणि तुम्ही ६० मीटर जाता. म्हणजे समोर १८० मीटर मोकळा रस्ता हवा. आता समजा तुम्ही टॉपमध्येच राहिलात, मूठ पिळली, गाडीने नुसती मान हलवली आणि तिसाच्या पुढे ती गेलीच नाही. मग वेळ दुप्पट लागतो, आणि मोकळा रस्ता हवा ३३० मीटर. गावरस्त्याला ३३० मीटर सरळ दृष्टीस पडतात कोठे? म्हणून तिसरा गिअर ट्रॅक्टरच्या मागे असतानाच टाकायचा, इंजिनाचा सूर लागला की नाही ऐकायचे, आणि मग बाहेर पडायचे. बाहेर पडल्यावर गिअर शोधणारा मनुष्य विहिरीत उडी मारल्यावर पोहणे आठवणाऱ्यासारखा असतो.

हे शहाणपण ट्रॅक्टरवाल्यांना पुरते ठाऊक असते. सणसरच्या एका चहाच्या टपरीवर एका चालकाने मला सांगितले, "मास्तर, भरली ट्रॉली चढाला लागली की गिअर बदलायचा नसतो. क्लच दाबला की दम तुटतो, ट्रॉली मागं ओढती. चढ दिसला की खालीच गिअर टाकून घ्यायचा आणि त्याच गिअरवर माथ्याला जायचं. मग मागच्यांनी कितीबी हॉर्न वाजवू द्या."

बेलवाडीला वारीतले पहिले गोल रिंगण होते. तेथल्या मैदानावरून जाताना मला नेहमी रिंगणाचा अश्व आठवतो. घोडा आधी कदम चालतो, मग दुडकी धरतो आणि मग भरधाव सुटतो. त्याला कोणी काटा दाखवत नाही. हॉइट आणि टेलर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी घोड्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवून, त्यांना किती प्राणवायू लागतो ते मोजले. १९८१ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. दर चालीत एक असा वेग असतो की ज्याला सर्वांत कमी शक्ती खर्च होते. घोड्याला शिकवून तीच चाल पुढे लांबवायला लावली तर खर्च वाढतो. मोकळा सोडला तर जेथे जुनी चाल महाग पडू लागते त्याच सुमारास तो नवी चाल धरतो. थोडक्यात, घोडा आपला गिअर आपणच टाकतो. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये हे काम पट्टा आणि पुल्या करतात. आपल्याकडे १९८४ च्या कायनेटिक होंडापासून ती सोय आली. साध्या मोटारसायकलीत ते काम स्वारावर सोपवलेले आहे. दमायचे तिने आणि कळायचे आपल्याला, अशी ही वाटणी आहे. नीट चाललेल्या संसारातही ती अशीच असते, असे आमच्या घरातून सांगण्यात येते.

पुढे लासुर्णे, आणि मग 'जंक्शन' नावाचे गाव. नवख्याला वाटते, येथे आगगाडी असेल. आगगाडी नाही, आहे तो वालचंदनगरकडे फुटणारा फाटा. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात नीरेकाठच्या त्या माळावर साखर कारखाना उभारला आणि पुढे तेथे अवजड यंत्रे बनू लागली. नौदलाच्या जहाजांचे प्रचंड गिअरबॉक्स या उसाच्या रानात घडतात, हे ठाऊक झाल्यापासून त्या फाट्यावर माझ्या पायाखालच्या चार गिअरांना उगीचच थोडा संकोच वाटतो.

अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी. उसाबरोबर आता डाळिंबाच्या बागा दिसू लागतात, मधूनमधून उघडा माळ येतो, ओढे येतात. ओढ्यात उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडण्याची खोड पुष्कळांना असते. ती बरी नव्हे. गिअरमध्ये राहिलेले इंजिन चाकाला धरून ठेवते, आणि समोर चढ येताच पाऊल तयार असते. असे करीत मालोजीराजांच्या इंदापुरात आपण शिरतो. शिवरायांचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले.

यंदा श्रावणात गेलो तेव्हा सासुरवाडीत खटला उभा होता. मेहुण्याचा मुलगा बारावी पार करून बारामतीच्या कॉलेजात दाखल झालेला. अठरा पूर्ण, लायसन्स खिशात, आणि रोज गाडीवर ये-जा करण्याचा हट्ट.

"दाजी, आता तुम्हीच सांगा," मेहुणे म्हणाले. "त्याची आई म्हणती एस.टी.नं जा. हा म्हणतो गाडी घेऊन द्या. दिवाळीनंतर ऊस सुरू झाला की त्या रस्त्यानं रोज शंभर किलोमीटर! तुमच्या शब्दाबाहेर तो जायचा नाही."

मुलगा म्हणाला, "मामा, आरपीएमचा काटा असलेली घेतली की सगळं कळतं. लाल पट्ट्याच्या आत गिअर टाकायचा. त्यात एवढं काय आहे?"

पोराच्या गळ्यात गाणी ऐकण्याच्या दोन वायरी लोंबत होत्या. गाडीवरही त्या कानातच असतात, ही बातमी त्याच्या धाकट्या बहिणीने तत्परतेने पुरवली. आत त्याची आई पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला होता, त्यावरून तिचे कान कोठे आहेत ते कळत होते.

मी वाद घातला नाही. जेवणानंतर त्याला हेल्मेट घालायला लावले, वायरी आत्याकडे ठेवायला सांगितल्या, आणि माझ्या गाडीच्या तबकडीवर माझा रुमाल घट्ट बांधला. "चल, उजनीच्या पाण्यापर्यंत जाऊ. चालव तू. मी मागे बसतो."

"काटा दिसत नाही, मामा!"

"मागे मी आहे. पंच्याहत्तर किलोंचा काटा."

गावरस्ता रिकामा होता. पहिली दोन-तीन वळणे तो सवयीने गेला. पटापट गिअर टाकून टॉपमध्ये. मग ओढा आला. ओढ्यापलीकडच्या चढावर सूर फाटला, ठोके सुटे झाले, टाकीवर टेकलेले त्याचे गुडघे थरथरू लागले. त्याने मूठ पिळली. आवाज जाड झाला, वेग नाही. मी गप्प. आणखी दहा-वीस हात गेल्यावर त्याने एक गिअर उतरवला आणि गाडी माणसासारखी चालू लागली.

"कोणी सांगितलं?" मी मागून विचारले.

"कुणी न्हाई. गाडी रडायला लागली."

मग मी त्याला सांगितले की काटा फेरे सांगतो, ओझे सांगत नाही. तीन हजार फेरे सपाटीला सुखाचे असतात आणि चढाला, दोन माणसांना घेऊन, धापेचे. काटा दोन्ही वेळा तेच दाखवील. लाल पट्टा म्हणजे इंजिनाने कोठे मरू नये याची खूण. तू कोठे मरू नयेस हे त्यावर लिहिलेले नसते. ते ट्रॉलीच्या मागे असताना तुझ्या कानाला कळायला हवे. आणि हेल्मेटमध्ये वाऱ्याने कान भरले, तर तळपायाला आणि तळहाताला.

तो काही बोलला नाही. पुढे तो रस्ता सरळ पाण्यात शिरत होता. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमेकाठच्या कितीतरी गावांचे रस्ते असे पाण्याखाली गेले. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे अजून वर येते. समोर पाणी दिसताच त्याने टॉपमधून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा असे एकेक पाऊल उतरत, कोठेही धक्का न बसू देता गाडी पाण्यापासून वीस हातांवर उभी केली. रुमाल तसाच होता. काठावर दोन म्हशी आमच्याकडे बघत होत्या.

घरी आल्यावर मी निकाल दिला. गाडी घ्यावी, काट्याची असो की बिनकाट्याची. पण कारखाने बंद होईपर्यंत कॉलेजला एस.टी.; आणि दर पंधरवड्याला मी आलो की माझ्याबरोबर एक फेरी, वायरी घरी ठेवून. ऊस सरल्यावर पुन्हा बघू. पोरगा खट्टू झाला, मेहुण्यांनी सुस्कारा सोडला, आणि वहिनींनी माझ्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली.

परतताना वारा तोंडावर होता. श्रावणातला पश्चिमेचा वारा या माळावर मोकळा सुटतो. इंदापूरला जाताना तो पाठीशी असतो, तेव्हा टॉप कधी पडला ते कळत नाही. येताना तोच रस्ता, तीच गाडी, तेच ओझे, पण निम्मी वाट तिसऱ्यात काढावी लागते. काट्यावर वारा दिसत नाही. मी बेलवाडी ओलांडली तेव्हा अंधार पडला होता.

गेल्या महिन्यात त्या मुलाचा निरोप आला. एस.टी.त तो आता ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसतो. निरोप एका ओळीचा होता: "मामा, आज ओढ्याच्या चढाला ड्रायव्हरनं गिअर उशिरा पाडला."